फरशीचा उतार नदीकडे

पहिले तीन महिने मी बिअर केलीच नाही, टाक्या धुतल्या. सकाळी सहाला गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. आदल्या दिवशी रिकामी झालेली टाकी घ्यायची, खालचा व्हॉल्व्ह उघडून तळाचा चिकट पिवळट गाळ उतरवायचा. मग कोमट पाणी, मग ७० अंशांचं कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, परत पाणी आणि शेवटी जंतू मारायला पेरासेटिक ॲसिड. त्याचा वास उग्र व्हिनेगरसारखा थेट नाकात चढतो. टाकीचं दार उघडलं तरी डोकं आत घालायचं नाही, हे पहिल्याच दिवशी तीनदा बजावून झालं. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. हवेपेक्षा जड, डोळ्यांना न दिसणारा. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. दुसरी ताकीद म्हणजे हा वायू पुरता घालवल्याशिवाय कॉस्टिक सोडायचं नाही. कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत पोकळी होते आणि दोन पुरुष उंचीची स्टीलची टाकी बाटली चुरगाळावी तशी चेपते.

हे सगळं ॲस्टोरियात. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कोलंबिया नदी जिथे प्रशांत महासागराला मिळते त्या मुखाशी हे गाव आहे. १८११ मध्ये केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी इथे ठाणं वसवलं. पुढे सामन माशाने गाव वाढवलं. नदीकाठी लाकडी खांबांवर कॅनऱ्या उभ्या राहिल्या, म्हणजे मासे डबाबंद करण्याचे कारखाने. फिनलंडहून आलेले कोळी गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारी जाळी टाकायचे, चिनी कामगार मासे कापायचे. मग धरणं झाली, सामन घटला, ट्यूनाही इथून हलला, आणि १९८० मध्ये गावातली शेवटची मोठी कॅनरी बंद पडली. खांब राहिले, शेड राहिल्या. त्यांतल्याच एका शेडमध्ये आमची छोटी ब्रूअरी.

फरशीला नदीकडे उतार आहे. मला वाटलं, आमच्या धुण्याच्या पाण्यासाठी केला असेल. एका दुपारी बारवर बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने खरं कारण सांगितलं. त्याची आई याच किनाऱ्यावर ट्यूना साफ करायची. डोकी, आतडी, रक्त सगळं पाण्याच्या नळीने ढकललं की फरशीच्या फटींतून सरळ नदीत जायचं. खाली समुद्रपक्षी वाट बघत असायचे. "त्या वासाला आम्ही पगाराचा वास म्हणायचो," असं तो म्हणाला.

हा वास मला ओळखीचा होता. मी हर्णैची. बाबांनी तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली. संध्याकाळी बंदरावर होड्या लागल्या की वाळूतच लिलाव सुरू व्हायचा आणि बाबांचा बर्फ पाट्या-पाट्यांनी तिकडे जायचा. बर्फाच्या धंद्यात पाणी हा पहिला प्रश्न. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ व्हायच्या, टँकर मागवावा लागायचा, आणि बाबा प्रत्येक टँकरचं पाणी आधी ओंजळीत घेऊन चाखायचे. मिठाचा अंश असला तर बर्फ लवकर गळतो, असं ते सांगत. पाण्याकडे असं बघायची सवय मला घरातूनच लागली. शिकायला मात्र मी सातासमुद्रापार आले.

कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत मी अन्नशास्त्रात मास्टर्स केलं, त्यात आंबवण्याचं शास्त्र हा विषय घेतला. तिथे दोन गोष्टी कळल्या, ज्यांनी ही परकी जमीन मला एकदम जवळची वाटायला लागली. पहिली कॅस्केड हॉप्सची. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलाची फुलं. अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरला जो संत्र्या-पपनसासारखा वास असतो, तो मुळात या जातीने आणला. तिचं रोप १९५६ मध्ये कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून निघालं आणि जात प्रसारित व्हायला १९७२ उजाडलं. सोळा वर्षं कोणीतरी ते वेल जपले, मोजले, टिपून ठेवले. दुसरी गोष्ट क्रांतिकारक पांडुरंग खानखोज्यांची. वर्ध्याचे खानखोजे याच कॉलेजात शेतकी शिकले. तेव्हा त्याचं नाव ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज होतं. इंग्रजांविरुद्धच्या ज्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या लोकांत ते होते, तिची पायाभरणीची एक बैठक १९१३ मध्ये ॲस्टोरियात झाली. इथल्या हॅमंड कंपनीच्या लाकडाच्या गिरणीत पंजाबी कामगार मोठ्या संख्येने होते, आणि ते जमले ते फिनिश सोशलिस्टांच्या हॉलमध्ये. कोळ्यांच्या हॉलमध्ये आपल्या स्वातंत्र्याची सभा! खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले आणि मक्यावर संशोधन करत राहिले. ॲस्टोरियात नोकरी मिळाली तेव्हा आईला मी आधी हे सांगितलं, मग बिअरचं.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, "करतात कशी ती?" मी सांगितलं. जव भिजवून त्याला मोड आणतात, ते वाळवून हलके भाजतात, त्याला माल्ट म्हणतात. मग ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की धान्याची साखर होते. आई म्हणाली, "म्हणजे नाचणीच्या सत्त्वासारखंच की." तसंच आहे. मोड आणताना दाण्यात जी पाचकद्रव्यं तयार होतात, तीच पुढे पिष्टाची साखर करतात. नाचणीचं सत्त्व बाळाला पचायला हलकं असतं तेही याचमुळे. आईचा विरोध त्या दिवशी संपला असं नाही, पण तिला त्या कामात स्वयंपाकघर दिसलं. बाबांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं?"

पाणी बेअर क्रीकचं. गावाच्या पूर्वेला गावाच्याच मालकीचं जंगल आहे, त्यातल्या ओढ्याचं पाणी नळाला येतं. वर्षाला साधारण १,७०० मिलिमीटर पाऊस, त्यामुळे पाणी मऊ, क्षार अगदी कमी. बिअरला हे चांगलं. कोऱ्या पाटीसारखं पाणी मिळतं आणि हवं तेवढं जिप्सम नि कॅल्शियम क्लोराइड आपण घालायचं. जिप्सम वाढवलं की हॉप्सचा कडवटपणा धारदार लागतो, क्लोराइड वाढवलं की माल्ट गोल, भरीव लागतं. पण शाळेत जे कोणी शिकवलं नव्हतं ते हेड ब्रूअरने शिकवलं: पाणी येतं कुठून एवढं विचारून भागत नाही, जातं कुठे हेही विचारायचं.

लिटरभर बिअरमागे पाच ते सात लिटर पाणी लागतं, आमच्यासारख्या लहान ठिकाणी त्याहूनही जास्त. बिअरमध्ये जातं ते सोडून बाकी सगळं मोरीत. घराच्या सांडपाण्यात जी घाण असते, ती कुजवून संपवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागेल त्या आकड्याला बीओडी म्हणतात. घरगुती पाण्याचा हा आकडा लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो. ब्रूअरीच्या पाण्याचा दोन-तीन हजारांवर सहज जातो, आणि यीस्टचा नुसता गाळ घेतला तर लाखाच्या पुढे. म्हणजे बादलीभर गाळ मोरीत ओतला तर शेकडो बादल्या घरगुती सांडपाणी ओतल्यासारखं. गावाचं सांडपाणी मोठ्या तळ्यांमध्ये जीवाणूच साफ करतात. त्यांच्यावर एवढा बोजा टाकला तर त्यांना प्राणवायू पुरत नाही, आणि पाणी शेवटी जातं त्याच नदीत, जिच्यातून सामनची पिल्लं समुद्राकडे जातात. ज्या फरशीवरून माशांची आतडी शंभर वर्षं नदीत गेली, तिच्यावर आता मी गाळ बादलीत गोळा करते, वेगळ्या टाकीत भरते, मोरीच्या पाण्याचा पीएच तपासते आणि वहीत लिहिते. पहिल्या महिन्यात कंटाळा यायचा. नंतर त्या वहीची मला काळजी वाटायला लागली, एक ओळ रिकामी राहिली तर चैन पडेना.

चोथ्याचं बरं असतं. साखर काढून घेतली की उरलेलं ओलं धान्य गुरांना चालतं. मंगळवार-शुक्रवार पलीकडच्या खोऱ्यातला एक गुरंवाला पिकअप घेऊन येतो. फावड्याने चोथा पिंपात भरायचा. वाफ येत असते, अंग घामाने निथळतं, बाहेर पाऊस. तो पैसे देत नाही, आम्ही मागत नाही. दोन-तीन महिन्यांनी तो मांस आणून देतो, ते आमच्या स्वयंपाकघरात जातं. एकदा त्याला यायला दोन दिवस उशीर झाला. चोथ्याला आंबूस, ओकारीसारखा वास सुटला, तेव्हा कळलं की हा माणूस आमच्या धंद्याचा केवढा मोठा आधार आहे.

ऑगस्टमध्ये हेड ब्रूअर म्हणाला, "सप्टेंबरची ताज्या हॉप्सची बॅच तू कर. कागदापासून केगपर्यंत." केग म्हणजे बिअरचं पिंप.

हॉप्स एरवी भट्टीत सुकवून, दाबून, गोळ्या करून वर्षभर वापरतात. पण कापणीच्या चार आठवड्यांत ओले हॉप्सही वापरता येतात. अट एकच, वेलावरून काढल्यापासून चोवीस तासांच्या आत ते माल्टच्या गरम गोड रसात पडले पाहिजेत. ओल्या हॉप्समध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं, म्हणून लागतातही भरपूर. दहा बॅरलच्या, म्हणजे सुमारे १,१७० लिटरच्या बॅचला मी ४० किलो धरले. माल्ट २३० किलो.

रात्री तीनला पिकअप घेऊन निघाले. विलामेट खोऱ्यातल्या इंडिपेंडन्स गावाजवळच्या मळ्यावर पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. पाच-साडेपाच मीटर उंच तारांवर वेल चढलेले, ट्रॅक्टर ते मुळापासून कापून आणतो, आणि शेडमधलं यंत्र फुलं झोडपून वेगळी काढतं. कापणीत ते रात्रंदिवस चालू असतं. तिथल्या बहुतेक मजूर बायका मेक्सिकोकडच्या, पट्ट्यावरून सरकणाऱ्या फुलांतली पानं वेचत होत्या. एकीने मूठभर फुलं माझ्या हातावर ठेवली आणि चोळून बघ अशी खूण केली. फूल म्हणजे पातळ हिरव्या पाकळ्यांचं कणीस. ते मधोमध फाडलं की देठाशी पिवळीधमक, मेणासारखी भुकटी. ती बोटांना चिकटते. वास पपनसाची साल नखाने खरवडावी तसा, त्यात कापलेलं गवत, आणि मागे कुठेतरी कांदापातीची आठवण. जिभेवर टेकवली तर कडू, कडुनिंबापेक्षा रेंगाळणारी कडू. तो कडवटपणा बिअरच्या गोडीला तोल देतो आणि तिला लवकर बिघडू देत नाही.

जाळीची पोती पसरून रचली. एकावर एक दाबली तर ओले हॉप्स आतून तापतात, गवताच्या गंजीसारखे. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून तीन तास गाडी चालवली. साडेनऊला परत पोचले, दहाला दळायला घेतलं.

आणि इथे माझं चुकलं. आदल्या दिवशी गव्हाची बॅच झाली होती. गव्हाचा दाणा बारीक, म्हणून गिरणीच्या रोलरमधली फट कमी केलेली होती. ती परत वाढवायची हे माझ्या यादीत होतं. मी यादी वाचली नाही. रात्रभराचा प्रवास, हॉप्सची घाई, कारणं पुष्कळ होती. जव पिठासारखा दळला गेला आणि मला दिसूनही कळलं नाही. सहाशे लिटरांवर गरम पाण्यात तो मिसळला, ६७ अंश धरले, तासभर ठेवला. वास सुंदर येत होता, सत्त्वाच्या खिरीचा. मग खालचा व्हॉल्व्ह उघडला. रस पाच मिनिटं वाहिला, बारीक झाला, थांबला.

जवाची टरफलं अख्खी राहिली तर तीच गाळणी होतात. मी ती चुरली होती. खालच्या जाळीवर लगद्याचा थर बसला, आणि पंपाने ओढलं तसा तो आणखी घट्ट झाला. मी पंपाचा वेग वाढवला. ती दुसरी चूक. हेड ब्रूअर आला, त्याने पंप बंद केला. ओरडला नाही. म्हणाला, "खालून पाणी सोड." खालच्या नळीतून गरम पाणी सोडून अख्खा लगदा उचलायचा, लाकडी दांड्याने हळूहळू हलवायचा, आणि मग हात न लावता वीस मिनिटं बसू द्यायचा. तोवर त्याने कोपऱ्यातलं एक पोतं ओढून आणलं. उघडून बघते तर भाताचं तूस. आमच्याकडे झोडणी झाल्यावर जे अंगणात उडतं, जे आई भांडी घासायच्या राखेत घालायची, तेच तूस. चव नाही, साखर नाही, फक्त धान्याच्या लगद्यात पाण्याला वाट करून देतं. ते घातलं, हलवलं, थांबलो.

ती वीस मिनिटं मी हॉप्सच्या पोत्यांजवळ उभी होते. एकात हात घालून बघितलं, मधला भाग कोमट लागला. सगळी पोती फरशीवर उलटी करून पसरली. रस परत वाहू लागला तेव्हा धार करंगळीएवढी होती. एरवी दीड तासाचं गाळणं चार तास चाललं. पण रस स्वच्छ आला, शेवटी शेवटी चहाच्या पाण्याइतका.

रस उकळत असताना मी मॅश टन, म्हणजे जव भिजवलेलं भांडं, रिकामा केला, चोथा फावड्याने उपसला, जाळी काढून ब्रशने घासली. त्याच भांड्यात ४० किलो हॉप्स पसरले आणि उकळी संपल्यावर रस त्यांच्यावर सोडला. शेडचे दोन्ही दरवाजे उघडे होते. नदीवरून जाणाऱ्या पायवाटेवरची माणसं थांबून आत डोकावत होती. पलीकडे धक्क्यावर सी-लायन भुंकत होते, ते तर रात्रंदिवस भुंकतात. अर्ध्या तासाने रस थंड करणाऱ्या पट्ट्यांतून १९ अंशांवर आणून टाकीत घेतला, यीस्ट सोडलं. पाण्याच्या तुलनेत घनता १.०५० भरली. ठरवली होती तेवढीच. रात्रीचे साडेअकरा झाले होते. हॉप्स तोडून अठरा तास.

पुढचे दिवस यीस्टचे. दुसऱ्या दिवशी टाकीच्या नळीतून बादलीत बुडबुडे असे फुटत होते की बादली हलत होती. पाचव्या दिवशी घनता १.०१० वर येऊन थांबली. आता थंड करावी असं मला वाटलं. हेड ब्रूअर म्हणाला, "नाकाला विचार." दोन ग्लास नमुने घ्यायचे, एक झाकून गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, मग निववून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्यातून लोणी कढवल्यासारखा वास आला. यीस्ट काम करताना एक पदार्थ मागे सोडतं, वेळ दिला तर तेच तो परत खाऊन टाकतं. घाई केली तर तो वास बिअरमध्ये राहतो. आणखी तीन दिवस थांबले, रोज हुंगलं. तिसऱ्या दिवशी लोणी गेलं, पपनस उरलं. मग १ अंशापर्यंत थंड केली, गाळ उतरवला, बादलीत घेतला, वहीत लिहिला.

त्या आठवड्यात नदीत शरदातल्या सामनची धाव चालू होती, गिलनेटवाले रात्री जाळी टाकत होते. म्हातारा कोळी आता स्वतः जात नाही, त्याचा मुलगा जातो. पहिला केग नळाला लावला त्या दुपारी तो आला, नेहमीच्या जागी बसला. मी ग्लास पुढे ठेवला. त्याने आधी तो खिडकीकडे धरून पाहिला, मग हुंगला, मग प्याला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला आवडली असती. तिला कडू आवडायचं." अर्धा ग्लास झाल्यावर त्याने भरतीची वेळ पाहिली आणि मुलाची होडी येणार म्हणून धक्क्याकडे गेला.

बाबांना फोटो पाठवला होता. रात्री फोन आला. रंग छान आहे म्हणाले. आणि विचारलं, ते भाताचं तूस तिकडे कुठून मिळवता. कॅलिफोर्नियात भात होतो, तिकडून येत असेल, मी म्हणाले. ते म्हणाले, इथे या वर्षी भात चांगला आलाय.

सोमवारी नवी बॅच होती. दळायला घेण्याआधी रोलरमधल्या फटीत गेजचं पातं सरकवून बघितलं. बरोबर बसलं. वहीत आकडा लिहिला आणि पहिलं पोतं उचललं.